साठीनंतर उन्हाळ्यात गड चढताना घड्याळाचं ऐका

मार्च ते मे या महिन्यांत सह्याद्रीत फिरणाऱ्या साठीपुढच्या मंडळींचा एक ठरलेला निकष असतो: बरं वाटतंय, दम लागलेला नाही, तहानही नाही, मग चालत राहायला काय हरकत आहे? चाळिशीत हा निकष बऱ्यापैकी चालून जातो. साठीनंतर उन्हात मात्र तो दगा देतो, कारण तो ज्या खुणांवर उभा आहे त्याच उशिरा उमटू लागतात. वयानुसार तहानेची जाणीव बोथट होते. अंगातलं पाणी कमी झालं तरी घसा कोरडा पडत नाही. घाम उशिरा सुटतो आणि कमी येतो. आतली उष्णता बाहेर टाकायला त्वचेकडे जादा रक्त वळावं लागतं, तेही पूर्वीइतकं वळत नाही. म्हणून या वयात उन्हाळी भटकंती जरूर करावी, पण कधी निघायचं, कधी प्यायचं आणि कधी परतायचं हे आदल्या रात्रीच ठरवावं. ते वाटेतल्या ‘वाटण्या’वर सोडू नये.

नुसता तापमानाचा आकडा पाहूनही निर्धास्त होता येत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जण दगावले. त्या दिवशी परिसरातलं तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. विदर्भात एप्रिलमध्ये हा आकडा कुणाला विशेष वाटणार नाही. ती माणसं डोंगर चढत नव्हती, उघड्या मैदानावर तासन् तास बसून होती. फरक दमटपणाने पडतो: घाम वाळला तरच अंग गार होतं आणि दमट हवेत तो निथळतो, वाळत नाही. त्यामुळे कर्नाळ्यासारखा कोकणातला गड त्याच तापमानाला देशावरच्या गडापेक्षा अंगावर जास्त येतो. उंचीचा दिलासा खरा आहे, हजार मीटरला साधारण साडेसहा अंश हवा थंड होते. पण १६४६ मीटरच्या कळसूबाईवरही ऊन चढल्यावर काळा कातळ आणि लोखंडी शिड्या तापतात, आणि पानगळ झालेल्या रानात सावली उरत नाही.

वेळ ठरवताना बहुतेक जण फक्त चढाईचा हिशेब करतात. पहाटे निघालो म्हणजे काम झालं असं वाटतं, पण दिवसाचा सर्वांत तापलेला भाग उतरणीच्या वाट्याला येतो. तेव्हा गुडघे थकलेले असतात आणि बाटलीही तळाला गेलेली असते. म्हणून हिशेब उलटा मांडावा. सिंहगडाला आतकरवाडीच्या वाटेने जायचं असेल, तर नऊ वाजता पायथ्याशी परत पोहोचायचं हे आधी ठरवावं. उतरायला लागणारा वेळ त्यातून वजा करावा. उरेल ती परत फिरण्याची वेळ, मग माथा समोर दिसत असला तरीही. रात्रीचा ट्रेक हा यावरचा उपाय मला पटत नाही. अंधारात नजर कमी पडते, घसरण्याचा आणि सापाचा धोका वाढतो, शिवाय झोपमोड होते. ओळखीच्या वाटेवर पहाट उजळताना निघणं त्यापेक्षा बरं.

पाणीही घड्याळावरच प्यावं. दर १५ ते २० मिनिटांनी पाऊण ते एक पेला हा चांगला नेम आहे. मात्र तासाला दीड लिटरच्या पुढे जाऊ नये, कारण नुसतं पाणी फार प्यायल्याने रक्तातलं सोडियम घसरतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. तासाभराहून जास्त घाम गाळायचा असेल तर मीठ-साखरेचं लिंबू सरबत, ताक किंवा ओआरएस सोबत असावं. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर वा मिठावर मर्यादा असेल, तर प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं. गडावरच्या टाक्यांच्या भरवशावर मे महिन्यात कुणी जाऊ नये.

यावर एक आक्षेप हमखास येतो: आयुष्यभर डोंगर चढलो, आमच्या गावाकडे सत्तरीतले शेतकरी उन्हात राबतात, मग आम्हाला कसली भीती? नियमित चालणाऱ्याचं हृदय उष्णतेचा ताण अधिक चांगला सोसतं, हे खरंच आहे. पण सरावाने तहानेची धार परत येत नाही. शेतकऱ्याचं अंग उन्हाला रोज थोडं थोडं सरावलेलं असतं, आणि तोही भर दुपारी झाडाखाली टेकतो. शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. आठवडाभर पंख्याखाली बसून रविवारी थेट राजगड गाठणाऱ्याला ती होत नाही. दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा, की एवढं असेल तर उन्हाळाभर घरीच बसावं. तेही नुकसानीचंच आहे. या वयात स्नायूंची ताकद बसून राहिल्याने लवकर ओसरते आणि भरून यायला वेळ लागतो. आठवड्याच्या मधल्या दिवसांतही सकाळी अर्धा-पाऊण तास टेकडी चढावी. ताकद टिकते आणि उन्हाचा थोडाफार सरावही होतो.

औषधांचा विचार निघण्यापूर्वी करावा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या अंगातलं पाणी कमी करतात. बीटा ब्लॉकर नाडी वाढू देत नाहीत, त्यामुळे मनगटी घड्याळावरचा ठोक्यांचा आकडा खोटा दिलासा देतो. ‘चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय का’ ही कसोटी तिथे जास्त भरवशाची. गोळ्या मनाने मात्र बंद करू नयेत. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, पायात गोळे यांपैकी काहीही जाणवलं तर चढाई तिथेच संपली असं समजावं. बोलणं असंबद्ध झालं, तोल जाऊ लागला, तर तो थकवा नाही, उष्माघात असू शकतो, अंगाला घाम असला तरीही. अशा वेळी १०८ ला फोन लावता लावताच माणसाला सावलीत आणून कपडे सैल करावेत, सोबतचं सगळं पाणी अंगावर ओतावं आणि जोरात वारा घालावा. शुद्ध पूर्ण नसेल तर तोंडात पाणी घालू नये. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही.

उष्णतेने गोंधळलेल्या माणसाला आपण गोंधळलो आहोत हे कळत नाही. म्हणून एकट्याने जाऊ नये, आणि परत फिरण्याची वेळ पायथ्यालाच सगळ्यांसमोर मोठ्याने सांगावी. ती झाल्यावर ‘चला’ म्हणण्याचा अधिकार गटातल्या सर्वांत तरुण सोबत्यालाही असावा. ज्येष्ठांनी त्याचं ऐकण्यात कसलाही कमीपणा नाही. पुढचे कितीतरी उन्हाळे चढत राहण्याची ती अट आहे.