‘जहाज आलं’ म्हणजे नक्की कधी?

अगं, काल फोनवर तुझा आवाज किती पडला होता! “ताई, सिम्युलेशनचा कोड बरोबर आहे, तरी लोक त्यातले कॉलबॅक चुकीचे वापरतात,” म्हणालीस. रागावू नकोस, पण चूक त्यांची नाही. कॉलबॅकबद्दल तू लिहिलेली माहिती अर्धी आहे.

आपलं न्हावा शेवा बंदरच घे, 1989 पासून चालू आहे. इथे नुसतं ‘जहाज आलं’ म्हणून कुणाचं काम भागतं का? बाहेर नांगरावर आलं, पायलट चढला, की धक्क्याला लागून सगळे दोर बांधून झाले? म्हणायला तिन्ही ‘आलं’च, पण कंटेनर उतरवायला सुरुवात होते ती दोर बांधल्यावरच. म्हणून तर प्रत्येक टप्प्याची वेळ वेगळी नोंदवतात.

तू मात्र लिहिलंयस, ‘आगमनानंतर हा कॉलबॅक चालतो.’ कुठलं आगमन गं? कुणी जहाज नांगरावर असतानाच क्रेन अडवून ठेवली, तर मॉडेल बंद पडणार नाही, मुकाट्यानं चुकीचे आकडे देईल. पहिल्या नोकरीत अशाच एका अर्धवट ओळीपायी माझा आठवडा वाया गेला होता.

पायथनमधली सिमपाय ही सिम्युलेशनची लायब्ररी बघ. तिथे घटनेच्या तीन अवस्था स्पष्ट सांगितल्या आहेत: घडू शकते, घडणार आहे, घडून गेली. मधलीला ‘ट्रिगर्ड’ म्हणतात. नुसतं नाव वाचून वाटतं, झालंच काम! प्रत्यक्षात घटना फक्त रांगेत लागलेली असते. टाइमआउट तर तयार होताक्षणीच ट्रिगर्ड असतो, वेळ सरायची असली तरी. आणि घटना घडून गेली की तिला नवा कॉलबॅक जोडता येत नाही.

तूही प्रत्येक कॉलबॅकखाली चार गोष्टी लिही: तो नेमका कधी चालतो, किती वेळा चालतो, तोवर काय तयार असतं आणि त्याच्या आत काय करू नये. एकाच क्षणी दोन घटना आल्या तर आधी कुठली? सिम्युलेशन मध्येच थांबवलं तर शेवटचा कॉलबॅक चालतो का? हेही सांग. सोबत पाच ओळींचं चालणारं उदाहरण दे.

मग ते पान एखाद्या नव्या मुलीला वाचायला दे. ती जिथे अडेल तिथे तोंडी समजावू नकोस, ते वाक्यच बदल. तिच्यानंतर वाचणाऱ्यांना विचारायला तू शेजारी नसशील.