कमवा आणि शिका : वेळेचा हिशेब

शिकत असताना काम करण्यात कमीपणा नाही. पण काम किती करावे आणि अभ्यासासाठी किती वेळ राखावा, हा प्रश्न पुष्कळ विद्यार्थ्यांपुढे असतो. रामटेकच्या एका विद्यार्थ्याची अडचण, जपानमधील नियम आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांचे कार्य यांच्या आधारे या पाठात त्याचा विचार केला आहे.

डिसेंबर महिना होता. दहावीच्या वर्गात मी मराठीचा पाठ शिकवत होतो. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा वहीवर डोके टेकवून झोपला होता. मी जवळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो दचकून उठला. मुले हसली. तो मात्र खाली मान घालून उभा राहिला. त्याच्या नखांत काळे ग्रीस साचलेले होते.

मधल्या सुट्टीत मी त्याला बोलावले. तो म्हणाला, ‘‘सर, मनसरला हायवेवर अब्बांचे पंक्चरचे दुकान आहे. अब्बांचे गुडघे दुखतात. त्यांना खाली बसून चाक खोलता येत नाही. म्हणून शाळा सुटली की मी दुकानात जातो. रात्री ट्रक जास्त येतात. घरी यायला अकरा वाजतात.’’

‘‘मग अभ्यास केव्हा करतोस?’’

तो थोडा वेळ गप्प राहिला. नंतर म्हणाला, ‘‘सर, मी मोबाईलवर पाहिले आहे. जपानमध्ये परदेशी विद्यार्थी काम करूनच शिकतात. ते करतात, तर मी केले म्हणून काय बिघडले?’’

त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. मी म्हणालो, ‘‘बेटा, तू अर्धीच गोष्ट ऐकली आहेस. उरलेली अर्धी आज ऐक.’’

विद्यार्थी मित्रांनो, त्या दिवशी मी त्याला जे सांगितले, तेच तुम्हालाही सांगतो.

जपानमध्ये जगातील अनेक देशांतून विद्यार्थी शिकायला जातात. त्यांपैकी पुष्कळ जण फावल्या वेळात काम करतात. अशा कामाला तिथे ‘अरुबाइतो’ म्हणतात. हा शब्द मूळचा जपानी नाही. जर्मन भाषेत ‘आर्बाइट’ म्हणजे काम. त्या शब्दापासून तो तयार झाला. कोणी उपाहारगृहात भांडी धुतो, कोणी कारखान्यात खोकी भरतो, कोणी चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात गल्ल्यावर उभा राहतो. ज्याला जपानी भाषा येत नाही, त्याला पाठीमागची कष्टाची कामे मिळतात. भाषा आली की गिऱ्हाइकांशी बोलण्याचे काम मिळू शकते. म्हणजे तेथेही अभ्यास करणाऱ्याचेच काम सुधारते.

पण जपानच्या सरकारने या कामाला कडक मर्यादा घातली आहे. विद्यार्थ्याला देशात राहण्याची परवानगी शिक्षणासाठी मिळते, कमाईसाठी नाही. काम करायचे असेल तर वेगळी परवानगी घ्यावी लागते. ती मिळाल्यावरही आठवड्यात २८ तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. दोन ठिकाणी काम केले तरी दोन्हींचे मिळून २८ तासच. शाळेला किंवा कॉलेजला मोठी सुट्टी असेल, तेव्हा दिवसाला ८ तासांपर्यंत काम करण्याची सवलत असते. दारूचे बार, जुगाराची ठिकाणे येथे काम करण्यास विद्यार्थ्यांना मनाई आहे.

नियम मोडला तर काय होते? पुढच्या वर्षी राहण्याची मुदत वाढवून मिळणे कठीण होते. कधी देश सोडून परत यावे लागते. फी गेली, वर्ष गेले, आणि ज्यासाठी गेलो ते शिक्षणही राहिले. म्हणूनच जपानला जाण्यापूर्वी शिक्षणाचा खर्च कोण करणार, याचा पुरावा द्यावा लागतो. फावल्या वेळातील कमाई हा आधार आहे, पाया नव्हे, असे ते मानतात.

तो मुलगा म्हणाला, ‘‘पण सर, ते जपान आहे. आपल्याकडे असे कोण करते?’’

मी त्याला सातारा जिल्ह्यात घेऊन गेलो, अर्थात गोष्टीतून!

भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ साली कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी झाला. खेड्यातील गरिबांची मुले शाळेपासून दूर आहेत, हे पाहून त्यांना वाईट वाटे. १९१९ साली कराड तालुक्यातील काले या गावी त्यांनी ‘रयत शिक्षण संस्था’ स्थापन केली. मुलांनो, ‘रयत’ हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत आपण ‘रैयत’ म्हणतो. रयत म्हणजे सामान्य जनता. संस्थेच्या नावातच तिचे काम सांगितलेले आहे.

१९२४ साली भाऊरावांनी साताऱ्यात ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ सुरू केले. त्या काळी निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत नसत. या वसतिगृहात मात्र सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. १९२७ साली महात्मा गांधी साताऱ्याला आले, तेव्हा त्यांनी हे वसतिगृह पाहिले. वसतिगृह चालवायला पैसा अपुरा पडे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांना जेवण मिळावे म्हणून आपले दागिने विकले. मुलेही बसून खात नसत. ती पाणी भरत, स्वयंपाक करत, शेतात राबत. १९४० साली साताऱ्यात ‘महाराजा सयाजीराव हायस्कूल’ सुरू झाले. फी भरण्याची ऐपत नसलेली मुले तेथे श्रम करून शिकू लागली. हीच ‘कमवा आणि शिका’ योजना होय. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले आणि ही योजना कॉलेजातही आली. आज महाराष्ट्रातील अनेक कॉलेजांत आणि विद्यापीठांत ती चालते. १९५९ साली भाऊरावांना ‘पद्मभूषण’ हा किताब मिळाला. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. भाऊरावांची मुले काम करत, ती शिकण्यासाठी. काम शाळेच्या सोबतीला होते. ते शाळेवर स्वार झाले नव्हते. जपानचा २८ तासांचा नियम आणि साताऱ्याची ही योजना, दोन्हींचा अर्थ एकच आहे : काम अभ्यासाला खाऊन टाकणारे नसावे.

मी स्वतः ही चूक केलेली आहे. बी.ए.ला असताना मी एका छापखान्यात कामाला जात असे. पहिल्या वर्षी संध्याकाळचे तीन तास. दुसऱ्या वर्षी पैशांचा मोह पडला. मी रात्रपाळीही घेऊ लागलो. दिवाळीला घरी नवे कपडे आले. उन्हाळ्यात निकाल आला, तेव्हा मी इंग्रजीत नापास होतो. रात्रपाळीत जे मिळवले, ते एका वर्षाच्या मोबदल्यात मिळवले होते.

हे ऐकून तो मुलगा हसला नाही. त्याने विचारले, ‘‘मग मी काय करू? दुकान बंद करू?’’

‘‘नाही. आधी हिशेब कर,’’ मी म्हणालो.

मी त्याला एक कागद दिला. आठवड्याचे तास १६८. शाळा आणि येणे-जाणे रोज ७ तास, सहा दिवसांचे ४२. जेवण, आंघोळ, नमाज आणि घरची कामे रोज ३ तास, म्हणजे २१. दुकान रोज ६ तास, म्हणजे ४२. झोप रोज ८ तास, म्हणजे ५६.

तो म्हणाला, ‘‘सर, मी सहा तासच झोपतो.’’

‘‘म्हणून तर उरलेली झोप वर्गात घेतोस!’’

आम्ही बेरीज केली. १६१ झाली. अभ्यासाला उरले फक्त ७ तास. दिवसाला एक तास, तोही थकलेल्या डोळ्यांनी. मग दुकानाचे तास निम्मे करून पाहिले. ४२ चे २१ झाले. आता अभ्यासाला २८ तास मिळाले. दिवसाला चार तास! तो कागदाकडे पाहतच राहिला.

संध्याकाळी तो कागद घेऊन आम्ही दोघे त्याच्या अब्बांकडे गेलो. अब्बांनी तो दोनदा वाचला. ते म्हणाले, ‘‘सर, रात्रीच्या गिऱ्हाइकांत खरी कमाई आहे.’’ ते खोटे बोलत नव्हते. मी काही बोललो नाही. काही वेळाने तेच म्हणाले, ‘‘पण परीक्षा एकदाच येते. आजपासून दुकान आठला बंद.’’

तीन महिने त्या घरात पैशांची ओढाताण झाली. मुलाने दुकानातील चाके सोडली नाहीत. शाळा सुटल्यावर आठपर्यंत तो तेथेच असे. नंतर मात्र तो घरी जाई आणि पुस्तक उघडी. जूनमध्ये निकाल लागला. तो पहिला आला नाही, पण सर्व विषयांत पास झाला. पेढे घेऊन तो माझ्याकडे आला, तेव्हा त्याच्या खिशात घड्या पडलेला तोच कागद होता. त्याच्या मागच्या बाजूला त्याने अकरावीचा नवा हिशेब मांडला होता.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी दुकानात बसत असेल, कोणी शेतात राबत असेल, कोणी घरी लहान भावंडांना सांभाळत असेल. त्या कामाची लाज बाळगू नका. पण आज घरी गेल्यावर एक कागद घ्या आणि त्यावर १६८ हा आकडा लिहा.

शब्दार्थ
कमीपणा – अपमान वाटण्यासारखी गोष्ट. फावला वेळ – रिकामा वेळ. मर्यादा – हद्द. सवलत – सूट. वसतिगृह – बोर्डिंग. पंगत – जेवणासाठी बसलेल्यांची रांग. ऐपत – पैशांची ताकद. मोबदला – बदल्यात दिलेली वस्तू. ओढाताण – तंगी

स्वाध्याय
(१) एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘अरुबाइतो’ हा शब्द कोणत्या भाषेतील शब्दापासून तयार झाला?
(आ) रयत शिक्षण संस्था कोठे व केव्हा स्थापन झाली?
(इ) लक्ष्मीबाईंनी दागिने का विकले?
(२) ‘कमाई हा आधार आहे, पाया नव्हे,’ याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
(३) अब्बांनी दुकान आठला बंद करण्याचे ठरवले. तुम्ही त्यांच्या जागी असता, तर काय केले असते? का?
(४) हिशेब, किताब, रयत, मनाई यांसारखे उर्दूत व मराठीत आढळणारे आणखी पाच शब्द शोधा व वाक्यांत वापरा.
(५) स्वतःच्या आठवड्याचा हिशेब मांडा. घरातील मोठ्यांना तो दाखवून त्यावर पाच वाक्ये लिहा.