सातवा मणका

गेल्या वर्षी गॅदरिंगच्या आदल्या रात्री माझ्या रूममेटची बाईक खडीवर घसरली. मान दुखतेय म्हणाला. आम्ही काय केलं? त्याला उठवून बसवलं, पाणी पाजलं आणि बाईकवर मधे बसवून दवाखान्यात नेलं. हे सगळं चुकलं होतं. का, ते एक्स-रे रूममध्ये कळलं. म्हणून हा लेख.

डॉक्टरांनी आधी कडक कॉलर घातली. एक्स-रेच्या मॅडमनी ती काढली नाही. तो उताणाच राहिला. खांद्याला टेकवून प्लेट उभी केली आणि ट्यूब दुसऱ्या बाजूने आडवी आणली. "पेशंट नाही, मशीन फिरवायचं," त्या म्हणाल्या.

ट्यूब प्लेटपासून १८० सेंमी लांब होती. एवढी कशाला? खांदा मधे येतो, त्यामुळे प्लेट मानेला चिकटत नाही. समजा मान प्लेटपासून ३० सेंमी दूर आहे. ट्यूब १०० सेंमीवर असेल तर सावली १०० भागिले ७०, म्हणजे १.४३ पट मोठी पडते. १८० सेंमीवर १८० भागिले १५०, फक्त १.२ पट, कडाही जास्त स्पष्ट येतात. ड्रॉइंगच्या तासाला झोपा काढलेलं पर्स्पेक्टिव्ह प्रोजेक्शन इथे भेटलं!

पहिल्या फिल्ममध्ये सहा मणके दिसले, सातवा खांद्यांच्या सावलीत गेला. मॅडम म्हणाल्या, परत घ्यावा लागेल. मी वैतागून म्हटलं, "सहा दिसतायत ना, मॅडम?"

"सहा बरे म्हणून सातवा बरा असतो का रे?"

मी गप्प. डॉक्टरांनी खांदे-हात तपासून परवानगी दिली. दोघांनी त्याचे हात झटका न देता पायांकडे ओढून धरले. श्वास सोडायला लावला, कारण श्वास सोडला की खांदे खाली जातात. सातवा मणका आणि त्याखालच्या मणक्याची वरची कड दिसली. सहावा मणका सातव्यावरून किंचित पुढे सरकला होता. लगेच सीटी स्कॅन, मग ऑपरेशन.

उरलेले दोन व्ह्यू मॅडमनी नंतर समजावले. समोरून घेताना ट्यूब डोक्याकडे १५ ते २० अंश कलती ठेवतात, म्हणजे मणक्यांमधल्या फटी मोकळ्या दिसतात. पहिल्या दोन मणक्यांसाठी तोंड उघडायला लावतात. वरच्या दातांची कड आणि कवटीचा तळ एका रेषेत आले, तरच मधली जागा दिसते. आता मोठ्या अपघातात बऱ्याच ठिकाणी थेट सीटी स्कॅनच करतात.

रूममेट आज चालतो-फिरतो. पण त्या बाईकवर एक खड्डा जरा जोरात लागला असता तर, हा विचार अजून झोपू देत नाही. म्हणून हॉस्टेलकरांना एवढंच सांगणं: पडलेल्याची मान दुखत असेल तर त्याला बसवू नका, उशी देऊ नका. डोकं आहे तसंच दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि १०८ ला फोन लावा.