तळहातावरचे डाग

तळहातांवर तांबूस डाग घेऊन एक दुकानदार माझ्याकडे आले. खाज नाही, दुखणे नाही. ॲलर्जी समजून महिनाभर मलम चोळले होते. मलाही प्रथम तसेच वाटले. पण तळपायांवरही तेच डाग! एकांतात विचारले, तेव्हा तीन महिन्यांपूर्वी जननेंद्रियावर न दुखणारी जखम होऊन आपोआप भरल्याचे कळले. व्हीडीआरएल व टीपीएचए या रक्ततपासण्यांत उपदंश, म्हणजे गरमी, निघाली. जखम भरते, रोग शरीरात राहतो. २४ लाख युनिट बेंझाथिन पेनिसिलीन एकाच वेळी देऊन ते बरे झाले. पत्नी गरोदर होत्या. त्यांनाही लागण होती. वेळीच इंजेक्शन दिल्याने बाळ सुखरूप जन्मले. असे डाग दिसल्यास पतिपत्नी दोघांनीही न लाजता रक्त तपासून घ्यावे.