अक्षराआधी ध्वनी : सुरतेतील मराठी पालकांसाठी एक पाठ

तापी नदी खानदेशातून वाहत जाऊन सुरतेजवळ समुद्रास मिळते. तिच्याच खोऱ्यातून जाणाऱ्या लोहमार्गाने जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे गेल्या अनेक दशकांत सुरतेस जाऊन स्थायिक झाली. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत यंत्रमागांच्या खडखडाटाबरोबर अहिराणी आणि मराठी बोलही कानी पडतात. या कुटुंबांतील बालक शाळेच्या उंबरठ्यावर येते तेव्हा त्याच्यापुढची वाट गावाकडच्या मुलापेक्षा थोडी अवघड असते. घरात अहिराणी, शेजारी हिंदी, दुकानांच्या पाट्यांवर गुजराती आणि पुस्तकात प्रमाण मराठी, असा चौफेर भाषांचा मेळा त्याच्याभोवती भरलेला असतो.

सुरत महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीमार्फत गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू व इंग्रजी या माध्यमांच्या शाळा चालविल्या जातात. तेथे मराठी माध्यमाची सोय आहे, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि गुजरात विधानसभेने २०२३ साली संमत केलेल्या कायद्यान्वये पहिली ते आठवी या इयत्तांना सर्व शाळांतून गुजराती शिकविणे बंधनकारक झाले आहे. तात्पर्य, माध्यम कोणतेही निवडले तरी मराठी घरातील मुलाला गुजराती लिपी शिकावी लागणारच. आणि मातृभाषेची नाळ टिकवावयाची तर देवनागरीही त्याला यावयास हवी.

अशा मुलाला पहिल्या वर्षी वाचता आले नाही, तर ‘मूल मंद आहे’ असा शिक्का त्याच्यावर बसावयास वेळ लागत नाही, आणि एकदा बसलेला शिक्का सहसा पुसला जात नाही. वस्तुतः अशी बहुतेक मुले मंद नसतात. समोरचे चिन्ह कोणत्या ध्वनीचे आहे, हे त्यांच्या कानाला कोणी उमजवून दिलेले नसते, इतकेच. हे काम घरी होऊ शकते. विशेष म्हणजे, जिला स्वतःला लिहितावाचता येत नाही, ती माताही त्यातील अर्धा भाग उत्तम रीतीने पार पाडू शकते.

गुजरात आणि महाराष्ट्र यांचा जुना धागा

बालशिक्षणाच्या क्षेत्रात या दोन प्रदेशांचे नाते जुने आहे. भावनगर येथील दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. तेथे त्यांच्यासमवेत काम करण्यास गेलेल्या ताराबाई मोडक या मराठी विदुषी होत. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे १९४५ साली ताराबाईंनी गुजरातच्या सीमेलगत बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या सहकार्याने गरीब व आदिवासी मुलांच्या शिक्षणाचे कार्य केले. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, असा त्यांचा बाणा होता.

या दोघांनी मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीला आपल्या मातीत रुजविले. त्या पद्धतीत बालक खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवते आणि त्याच वेळी त्या अक्षराचा ध्वनी उच्चारते. डोळा, हात आणि कान यांना एकाच वेळी काम मिळते. महागड्या साधनांवाचून हे तत्त्व आपल्या घरातही आणता येते.

आधी कान, मग डोळा

अनेक घरांत अक्षरओळखीचा आरंभ ‘क कमळाचा, ख खटाऱ्याचा’ या घोकंपट्टीने होतो. मूल ते गाण्यासारखे म्हणते आणि पालक संतुष्ट होतात. परंतु पुष्कळदा मुलाची अशी समजूत होते की, या चिन्हाचे नावच ‘कमळाचा’ आहे. मग ‘घर’ हा शब्द समोर आला की ते ‘घराचा, रथाचा’ असे म्हणून थांबते. दोन ध्वनी जोडून शब्द होतो, हे त्याला उमगलेले नसते.

यासाठी पाटी हाती देण्यापूर्वी काही आठवडे केवळ कानाचे खेळ खेळावेत. सुरतेत कित्येक माता घरी बसून साड्यांना लेस लावणे, टिकल्या चिकटविणे अशी कामे करतात. हात कामात असताना तोंडाने हे खेळ सहज खेळता येतात.

पहिला खेळ शब्द तोडण्याचा. ‘साडी’ म्हणताना दोन टाळ्या : सा, डी. ‘कपाट’ म्हणताना तीन : क, पा, ट. दुसरा खेळ पहिला ध्वनी ओळखण्याचा. ‘मीठ, मका, पान – यांत वेगळा कोण?’ असे विचारावे. तिसरा खेळ जोडण्याचा. आईने ‘न… ळ’ असे थांबून म्हणावे आणि मुलाने ‘नळ’ असे उत्तर द्यावे. आरंभी सावकाश, मग जलद म्हटले म्हणजे शेवटचा ‘अ’ आपोआप गळतो आणि मुलाला ओळखीचा शब्द ऐकू येतो. येथे एक ध्यानात ठेवावे : ‘ण’ आणि ‘ळ’ हे ध्वनी मराठी शब्दांच्या आरंभी येत नाहीत. त्यांची ओळख ‘बाण’, ‘फळ’ अशा शब्दांच्या शेवटी करून द्यावी.

वारंवार सांगूनही मूल ध्वनींतील फरक ओळखत नसेल, किंवा त्याचा कान सतत वाहत असेल, तर त्यास रागावू नये. प्रथम डॉक्टरांकडून कान तपासून घ्यावेत.

सहा अक्षरांपासून प्रारंभ

वर्णमालेचा क्रम शास्त्रशुद्ध आहे. कंठापासून ओठांपर्यंत ध्वनी जेथे निर्माण होतात, त्या स्थानांनुसार तिची मांडणी झालेली आहे. परंतु पाठांतराचा क्रम हाच वाचनाचा क्रम असावा, असे नाही. ज्यांपासून लगेच शब्द बनतात, अशी थोडी अक्षरे आरंभी घ्यावीत.

ग, घ, म, न, व, र ही सहा अक्षरे पाहा. त्यांतून घर, मन, वन, नगर, मगर हे शब्द तयार होतात. हे पाचही शब्द मराठीत आहेत, तसेच गुजरातीतही आहेत. म्हणजे सहा अक्षरांच्या भांडवलावर मूल दोन भाषांतील शब्द वाचू लागते. स्वतः शब्द वाचल्याचा आनंद मुलाला पुढच्या अक्षराकडे ओढून नेतो.

दिसण्यात सारखी असलेली अक्षरे एका वेळी शिकवू नयेत. ‘घ’ शिकविला असेल तर ‘ध’ पुष्कळ दिवसांनी घ्यावा; ‘म’ आणि ‘भ’, ‘व’ आणि ‘ब’ यांचेही तसेच. अक्षर गिरविण्यास ताटातील रवा, अंगणातील वाळू किंवा रांगोळी पुरेशी आहे. मागाखाली पडलेला टाकाऊ धागा जमिनीवर ठेवूनही अक्षराचा आकार करता येतो. बोट फिरवताना ध्वनी मोठ्याने उच्चारावयाचा, हा मात्र नियम समजावा. लहान बोटांना पेन्सिलीची घाई करू नये.

पाचसहा शब्द सहज वाचता येऊ लागल्यावर काना घ्यावा : गार, मान, नाव, वारा. वेलांटी थोडी उशिरा घ्यावी. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात, पण तिचा उच्चार अक्षरानंतर होतो; त्यामुळे मूल गोंधळते, हे पालकांनी समजून घ्यावे.

घरची बोली चूक नव्हे

खानदेशी कुटुंबांतील मुलांसंबंधी एक गोष्ट शिक्षक आणि पालक या दोघांनीही जाणून घेतली पाहिजे. अहिराणीत ‘ळ’ च्या ठिकाणी बहुधा ‘य’ येतो : डोळा हा ‘डोया’ आणि काळा हा ‘काया’ होतो. ‘पाणी’ चे ‘पानी’ होते. असे मूल ‘ळ’ हे अक्षर पाहून ‘य’ म्हणते, तेव्हा ते अक्षर विसरलेले नसते. आपल्या आईच्या बोलीशी ते इमान राखत असते. त्याची थट्टा केली, तर ते वर्गात तोंड उघडण्याचेच बंद करील.

‘आपण घरी डोया म्हणतो, पुस्तकात डोळा म्हणतात’ असे सहजपणे सांगावे. जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावावे व पुढे झटकावे, म्हणजे ‘ळ’ उमटतो. आरशासमोर हा खेळ मुलांना आवडतो. हा श्रम दुहेरी फळ देतो, कारण ‘ळ’ गुजरातीतही आहे. नळ, फळ, कमळ हे शब्द दोन्ही भाषांत सारखेच आहेत.

याउलट काही ध्वनींत मराठीचा मार्ग वेगळा आहे. आपण ‘चमचा’ आणि ‘झाड’ या शब्दांतील च, झ दातांजवळ उच्चारतो, तर गुजराती माणूस ‘झाड’ हाच शब्द टाळूजवळच्या ‘झ’ ने उच्चारतो. मुलाने दोन्ही उच्चार ऐकावेत व वेगळे ओळखावेत. चूक म्हणून कोणताही एक खोडून काढू नये.

दोन लिपी : एक माळ, दोन धागे

शाळेत जी लिपी प्रथम शिकविली जाते, ती घरीही प्रथम घ्यावी. एकाच पाटीवर एकाच दिवशी दोन्ही लिपी लिहून देऊ नयेत. पहिली स्थिरावल्यावर दुसरी अवघड जात नाही, कारण ध्वनींची माळ बव्हंशी तीच आहे.

गुजराती लिपीत शिरोरेघ नाही, हा सर्वांत ठळक भेद. ग, घ, म, न, प, व, स ही अक्षरे शिरोरेघ काढून टाकल्यास जवळजवळ तशीच दिसतात. ‘र’ हा आपल्या २ या अंकासारखा दिसतो. क, च, ज, झ, फ, ब तसेच इ, ई यांची रूपे मात्र निराळी असल्याने ती स्वतंत्रपणे शिकवावी लागतात. केवळ मराठी वाचता येणाऱ्या पालकाने ही थोडी अक्षरे मुलाबरोबर स्वतःही शिकावीत. बापलेक मिळून दुकानाची पाटी वाचू लागले, तर त्याहून चांगला धडा कोणता?

घाई नको, खंड नको

मराठीतील ३४ व्यंजनांची प्रत्येकी १२ रूपे धरली, तर बाराखडीचीच ४०८ रूपे होतात. जोडाक्षरे आणखी निराळी. कन्नड मुलांच्या वाचनासंबंधी सोनाली नाग यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. अशा अक्षरसंपन्न लिपीवर प्रभुत्व येण्यास प्राथमिक शाळेची पहिली काही वर्षे लागतात, असे त्यात दिसून आले. तेव्हा सहा महिन्यांत सारे यावे, ही अपेक्षा मुलावर अन्याय करणारी आहे.

रोज दहापंधरा मिनिटे पुरतात. कारखान्यात बारा तासांची पाळी करून येणाऱ्या वडिलांकडून तासभर शिकवणीची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. परंतु जेवताना ‘भ ने सुरू होणारे ताटात काय आहे?’ इतके विचारणे कोणासही शक्य आहे. मुलाने ‘भात’ किंवा ‘भाकरी’ म्हटले, की त्या दिवसाचा पाठ झाला.

अंगणवाडी सेविका, शिक्षक व पालक यांनी एकमेकांशी बोलून, मुलाला कोणती अक्षरे आली आणि कोणती अडली हे दर आठवड्यास पाहावे. आईची बोली, शेजारची भाषा आणि शाळेचे पुस्तक यांचे भांडण नाही, हे मुलाला या तिघांच्या वागण्यातून कळले पाहिजे. ज्या मुलाच्या बोलण्याला घरी आणि शाळेत मान मिळतो, ते मूल दोन्ही लिपी आपल्याशा केल्यावाचून राहत नाही.