संत्र्याच्या बुंध्यातून डिंक गळतो

प्रश्न : संत्र्याच्या काही झाडांच्या बुंध्यातून डिंक गळतो, पाने पिवळी पडतात. कार्बेन्डाझिमची आळवणी करूनही फरक नाही. काय करावे?
– एक बागायतदार, बडनेरा

उत्तर : लक्षणे डिंक्याची आहेत. त्याला कारणीभूत फायटोफ्थोरा ही खरी बुरशी नसून तपकिरी शैवालाची नातलग आहे. म्हणून कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक तिच्यावर चालत नाही. तिचे बीजाणू साचलेल्या पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात. आपल्या भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात त्यांचे चांगलेच फावते.

आधी चर काढून निचरा करा. दुहेरी आळे करून ओलिताचे पाणी बुंध्यापासून दूर ठेवा. रोगट साल खरवडून जाळा, जखमेवर मेटॅलॅक्सिल-मॅन्कोझेबचा लेप द्या. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर बुंध्याला बोर्डो मलम लावा : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. नवी कलमे जमिनीपासून उंच डोळा बांधलेली, शक्यतो रंगपूर लिंबाच्या खुंटावरची घ्या. जंबेरीचा खुंट या रोगाला लवकर बळी पडतो.