भेटवस्तू आणि सरकारी खरेदी

दिवाळीपूर्वीच्या पंधरवड्यात दिल्लीतील करोल बागेत अजमल खाँ मार्गावरून चालणे कठीण होते. सुक्या मेव्याचे डबे व मिठाई यांची रास दुकानांबाहेर येते. बँक स्ट्रीटवरील सराफांकडे लक्ष्मीची प्रतिमा असलेली चांदीची नाणी खपतात. घेणारांत गृहस्थ असतात, तसेच सरकारी कचेऱ्यांना कागद, पंखे किंवा औषधे पुरविणारे व्यापारीही असतात. त्यांच्या यादीत खरेदी शाखेतील लिपिकाचे नाव असले, तर त्या डब्याला काय म्हणावे?

प्रश्न नवा नाही. पेशवाईत मामलतदार ‘दरबार खर्च’ या नावाने रयतेकडून एक रक्कम वसूल करीत. कारभारी आणि हिशेबतपासनीस यांना ती गुप्तपणे पोहोचविली जाई. पुढे ती ठरीव दस्तुरी बनली व इतर रकमांप्रमाणे तीही रीतसर तपासली जाऊ लागली. लाच मात्र थांबली नाही. तिच्यासाठी निराळी वसुली सुरू झाली, असे एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात नमूद केले आहे. दिवाळीच्या डब्याची वाटचालही बहुधा अशीच होते. पहिल्या वर्षी ते सौजन्य असते. तिसऱ्या वर्षी डबा आला नाही, तर कचेरीत त्याची चर्चा होते, आणि चतुर पुरवठादार त्याची किंमत पुढील निविदेच्या दरातच धरतो.

संथानम समितीचा अहवाल आला त्याच वर्षी, १९६४ मध्ये, केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम जारी झाले. त्यांतील तेराव्या नियमाने ‘भेट’ या शब्दात फुकट प्रवास, निवास आणि भोजन यांचाही समावेश केला. कर्मचाऱ्याच्या कुटुंबीयांनी स्वीकारलेली भेटही त्यात येते. प्रसंगोपात्त एखादे जेवण किंवा वाहनातून सोबत नेणे भेट ठरत नाही. परंतु कामाचा संबंध असलेल्या व्यापाऱ्याचा वारंवार किंवा थाटाचा पाहुणचार टाळावा, असे नियम सांगतो. राज्याचे कर्मचारी १९७९ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियमांनी बांधलेले आहेत.

घोटाळा होतो तो आकड्यांमुळे. शासनाच्या मंजुरीवाचून घेता येणाऱ्या भेटीची मर्यादा २०१९ मध्ये अ व ब गटांसाठी ५,००० रुपये, तर क गटासाठी २,००० रुपये झाली. दीड हजारांचा डबा म्हणून निर्धास्त राहणारा लिपिक एवढेच वाचतो. सामान्य वित्तीय नियम, २०१७ यांतील १७५ वा नियम मात्र खरेदीच्या व्यवहारात लाभाच्या मोबदल्यात किंवा प्रक्रियेवर प्रभाव पाडण्यासाठी भेट देणे, मागणे व स्वीकारणे या तिन्हींस मनाई करतो, आणि तेथे रकमेचा उल्लेखच नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ याचे अकरावे कलमही किमतीची खालची मर्यादा घालीत नाही. ज्याचे काम आपल्याकडे आहे वा येण्याचा संभव आहे, अशा माणसाकडून विनामोबदला अनुचित लाभ घेणे हा तेथे गुन्हा असून त्यास सहा महिने ते पाच वर्षे कारावासाची शिक्षा आहे.

डबा घरी आला आणि मुलांनी तो उघडला, असे पुष्कळदा घडते. अशा वेळी तो परत पाठवून, किंवा परत करण्याजोगा न राहिल्यास तशी नोंद करून, वरिष्ठांस त्याच दिवशी लेखी कळविणे इष्ट. निविदा उघडल्यानंतर केलेल्या खुलाशाला फारसे वजन राहत नाही. पुरवठादारही यातून सुटत नाही : सचोटीच्या संहितेचा भंग सिद्ध झाल्यास खरेदी करणारे खाते त्याला दोन वर्षांपर्यंत आपल्या निविदांपासून दूर ठेवू शकते.